वाळवंटातल्या तळावर खरकट्या पाण्याचं काय करायचं?

डिसेंबर-जानेवारीत गोव्याहून कच्छकडे किंवा जैसलमेरकडे गाड्या काढणाऱ्या मंडळींच्या याद्या पाहिल्या, तर पिण्याच्या पाण्याचा हिशेब चोख असतो. माणशी रोजचे पाच लिटर, वर दोन कॅन जास्तीचे, शिवाय वाटेत कुठे भरून घ्यायचं तेही ठरलेलं. पण नेलेलं पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे, याबद्दल यादीत एक ओळही नसते. जातं ते तंबूमागे. टोप विसळला की भिरकाव, चूळ भरली की थुंक. वाळू काय, सगळं पिते, असं धरून चालायचं.

दोष सवयीचा आहे. आपल्याकडे हा प्रश्न पडतच नाही. न्हाणीचं पाणी केळीला, भांड्यांचं माडाच्या आळ्यात, आणि त्यातूनही मागे राहिलं ते जून लागला की पाऊस धुऊन नेतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जैसलमेरला २०० च्या आसपास. आपल्या परसात मुळं आहेत, गांडुळं आहेत, ओल्या मातीत खरकटं कुजवणारे जिवाणू आहेत. कोरड्या वाळूत यातलं जवळजवळ काहीच नाही. पाणी मिनिटभरात खाली उतरतं, पण भाताची शितं, तेल आणि साबण वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये अडकून राहतात. तेलानं वाळूचे खडे बनतात. पाण्याबरोबर खाली गेलेले क्षार, ओल सुकताना पुन्हा वर येतात आणि पांढरा थर धरतात. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेला साबणही इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण त्याचं विघटन करायला ओल आणि जिवाणू लागतात आणि नेमकी त्याचीच वानवा.

वास मात्र राहतो. त्या वासावर कुत्री येतात, कोल्हे येतात, जमीन उकरतात. जैसलमेरच्या पट्ट्यात हे जास्त गंभीर आहे, कारण तिथे माळढोक, म्हणजे तिकडचा गोडावण, उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. माणसांच्या उष्ट्यावर पोसलेली भटकी कुत्री हा त्या अंड्याला असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे.

जमीन रिकामी दिसते, तशी ती नसते

तळाची जागा निवडताना आपण काय बघतो? सपाट, स्वच्छ, काटे नसलेली, किंचित उताराची जमीन. थरच्या वाळवंटात अशी जागा दिसली तर आधी उताराच्या टोकाला काय आहे ते बघून या. बऱ्याचदा तिथे टांका असतो, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी, आणि तुम्ही उभे आहात ते तिचं आगोर. वर्षातून पडणारे चार पाऊस याच अंगणावरून वाहत टाकीत जातात. गावकरी ते झाडून-लोटून ठेवतात. आज तिथे सांडलेला साबण पुढच्या आषाढात कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरणार. खडीनचंही तेच. बांधाच्या आतली ती सपाट जमीन म्हणजे शेत असतं, हिवाळ्यात पीक नसलं तरी.

वाळू सगळं पिते म्हणतात ते खरंच, पण प्यालेलं ती कुठे ठेवते? जैसलमेरकडे काही ठिकाणी वाळूच्या खाली चिरोडीचा, म्हणजे जिप्समचा, घट्ट थर असतो. पावसाचं पाणी त्या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, आणि लोक अरुंद बेऱ्या, म्हणजे छोट्या विहिरी, खणून ते झिरपलेलं गोड पाणी काढतात. कच्छच्या बन्नीत, म्हणजे तिथल्या गवताळ पट्ट्यात, मालधारी या गुरं पाळणाऱ्या लोकांचे विरडे असतात. सखल भागात मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, आणि उथळ खड्डा खणून ते वरच्यावर घेतात. मधे पडदा वगैरे काही नाही, फक्त घनतेचा फरक. अशा जागेजवळ भांडी घासणं म्हणजे दुसऱ्याच्या घागरीत हात धुणं. तेव्हा तळ ठोकण्याआधी जवळच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, जाऊन ‘काका, पाणी कुठं अडतं इथं?’ एवढं विचारून घ्यावं. त्या जागांपासून आणि कोरड्या ओढ्यांपासून किमान ६० मीटर, म्हणजे ऐंशीएक पावलं तरी लांब राहावं. मी तर दुप्पट धरायला सांगेन.

कच्छच्या पांढऱ्या रणाचा प्रकार आणखी वेगळा. वर मिठाचा पातळ पापुद्रा, खाली चिकण चिखल. ओतलेलं पाणी पापुद्रा विरघळवतं, खाली मुरत नाही, आणि मातकट डाग उरतो. तिथे थेंबही सांडायचा नाही, विषय संपला.

इंटरनेटवरचा तलाव आणि आपली जानेवारी

वाळवंटातल्या सांडपाण्यावर शोधलं की लगेच सापडतं ते बाष्पीभवनाचं तळं: लाकडी चौकट, त्यावर काळं प्लॅस्टिक, त्यात पाणी ओता, ऊन उडवून नेईल. हे बहुतेक चित्रण अमेरिकेतल्या नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटातलं असतं. तिथे भरणाऱ्या बर्निंग मॅन मेळ्यात सांडपाणी जमिनीवर टाकायला मनाई आहे, म्हणून लोक अशी तळी करतात. पण तो मेळा भरतो ऑगस्टच्या शेवटी, कोरड्या कडक उन्हात. आपण थरात जातो थंडीत.

फरक किती पडतो, ते आकड्यात बघा. १ चौरस मीटर जागेवरचं १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. जैसलमेर-जोधपूरच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण दहा-बारा मिलिमीटरनं उतरते, डिसेंबर-जानेवारीत तीन-चार मिलिमीटरनं. म्हणजे २ मीटर बाय २ मीटरची ताडपत्री पसरली तर थंडीत दिवसाला कागदावर १२ लिटर. त्यातून रात्री ती झाकायची, पाण्यावर साबणाचा आणि तेलाचा तवंग येणार, आजूबाजूची वाळू उडून बसणार. हातात आठ-नऊ लिटर पडले तरी नशीब. कच्छमध्ये पहाटे दव पडतं, कधी धुकंही असतं, तिथे आणखी कमी. ज्यांनी पेडण्याच्या आगरवाड्याचं मिठागर पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको: पाणी उडतं ते पसरटपणानं आणि वाऱ्यानं. खोली वाढवून काही साधत नाही.

सहा जणांचा तळ बेफिकीरपणे वागला तर माणशी दहा लिटर, म्हणजे दिवसाला ६० लिटर सांडपाणी सहज करतो. ते उडवायला वीस चौरस मीटर ताडपत्री लागेल. कुणी नेणार नाही आणि वाऱ्यात ती टिकणारही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की तळ्याच्या भरवशावर राहूच नका. पाणी मुळातच कमी वापरा आणि त्याचे पहिल्यापासून दोन भाग करा. हात, तोंड, अंग पुसल्याचं पाणी ताडपत्रीवर उडवायचं. स्वयंपाकाचं पाणी कॅनमध्ये भरून परत न्यायचं. दोन्ही एकत्र झालं की तवंगानं ताडपत्री निकामी होते आणि मग सगळंच उचलावं लागतं.

हिशेब असा बसतो. माणशी भांड्यांना दीड लिटर, हात-तोंड-दातांना एक, अंग पुसायला एक. सहा जणांचे स्वयंपाकाचे दिवसाला ९ लिटर, चार दिवसांचे ३६. हे २० लिटरच्या दोन कॅनमध्ये बसतं, कारण कॅन १८ च्या वर भरायचा नसतो. हात-अंगाचे १२ लिटर रोज ताडपत्रीवर जातात. त्यातले तीन-चार लिटर रोज शिल्लक राहणार, आणि शेवटच्या दिवशीचं तर बरंचसं पाणी तसंच असणार. त्यासाठी तिसरा कॅन. चौथा रिकामा, अडीअडचणीला.

अर्धं काम घरीच

भाज्या धुऊन, चिरून, पुसून न्या. नारळ खवून, वाटण करून, गोठवून न्या. सुके बांगडे आणि खारे, म्हणजे खारवलेली मासळी, न्यायचेच असतील तर घरीच धुऊन, भाजून, डब्यात बंद करून न्या. खाऱ्याचं धुवण म्हणजे मीठ आणि वास दोन्ही, आणि ते तिथे कुठेच ओतता येत नाही. भात उकड्या तांदळाचा करत असाल तर पेज गाळून टाकू नका, पिऊन टाका. पेजेएवढं वेगानं दुसरं काही आंबत नाही. वेळणीचा, म्हणजे पेज गाळून केलेला, भात करायचाच नसेल तर पाणी मोजून, झाकण ठेवून, आटवून करा. तांदूळही घरी धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून नेता येतात.

बाजारहाट फार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळतं: २० लिटरचे जाड एचडीपीई प्लॅस्टिकचे कॅन चार, रुंद तोंडाचं नरसाळं, मलमलीचं कापड दोन मीटर, तीन टब, अर्धा लिटरच्या दोन स्प्रे बाटल्या, एक रबरी खरवडणी. कॅन खाण्याच्या वस्तूचे घ्या, तेलाचे किंवा विनेगरचे चालतील, औषधाचे किंवा रसायनाचे नकोत. सांडपाण्याच्या कॅनला चारही बाजूंनी लाल चिकटपट्टी, आणि मानेला सुंभाचा वेढा, म्हणजे अंधारातही हाताला कळेल. पिण्याचे रिकामे झालेले कॅन सांडपाण्याला वापरायचा मोह होतो. वापरा हवं तर, पण मग तो कॅन कायमचा सांडपाण्याचा झाला.

घरून नारळाची दोन-चार सोडणं न्या, भांडी घासायला. प्लॅस्टिकच्या स्क्रबरमध्ये अन्न अडकतं आणि ते धुवायलाच पाणी जातं. सोडण वाळवा, झटका, पुन्हा वापरा.

भांडी

पहिली गोष्ट, ताट पुसून खा. पोयेचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाचा, तुकडा यासाठीच असतो. मग रबरी खरवडणीनं उरलेलं एका पिशवीत. तेलकट टोपाला चुलीतली राख लावून जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्या. राख तेल शोषते आणि कागदाला धरून येते. वाळूनं घासायची पद्धत राजस्थानात जुनीच आहे आणि स्टील-पितळेला उत्तम आहे, पण ती कोरड्या, पुसलेल्या भांड्याला. तेलकट भांड्यावर वाळू घातली की तेच तेलाचे खडे जमिनीवर सांडतात आणि मुंग्यांची रांग लागते. नॉनस्टिक असेल तर वाळूचं नावही काढू नका.

सकाळचं आणि दुपारचं स्प्रेवर भागवा. बाटलीत पाणी, त्यात दोन चमचे माडाच्या सुरेचं विनेगर. फवारा, पुसा, उन्हात उपडं घाला. एका ताटाला चाळीस-पन्नास मिली पुरतं. खरी धुणी दिवसातून एकदाच, उजेड असताना, तीन टबांत, प्रत्येकी तीन लिटर.

या तीन टबांचा क्रम आपल्या जेवणासाठी थोडा बदलावा लागतो. सगळीकडे सांगतात ते पहिला टब साबणाचा. हुमण किंवा खतखतं असं खोबऱ्याच्या वाटणाचं खाणाऱ्यांनी पहिला टब बिनसाबणाच्या कढत पाण्याचा करावा. कारण खोबरं. खोबरेल चोविसेक अंशांच्या खाली थिजतं. सत्तरी तालुक्यात डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजलेलं तेल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. थरात तर रात्री पारा पाच-आठ अंशांपर्यंत उतरतो. साबण घातला की स्निग्धांश पाण्यात बारीक विरघळल्यासारखा पसरतो आणि मग तो ना थिजून वर येतो ना गाळण्यात अडकतो, पण कॅनच्या आत सगळीकडे चिकटतो. साबणाविना कढत पाण्यात भांडी हलवली की तेल सुटून वर येतं. टब झाकून रात्रभर बाहेर ठेवा, पण झाकणावर दगड हवा, नाहीतर कोल्हा येतोच. सकाळी वर पांढरट-पिवळी, हळदीच्या कडांची पापडी धरलेली असते. उलथन्याची कड खाली घालून ती अलगद उचलली की आख्खी निघते. ऊन चढायच्या आत, साधारण आठच्या आधी हे करायचं. नऊ-दहाला ती पुन्हा वितळते आणि सकाळची संधी गेली. पापडी कचऱ्याच्या डब्यात, खालचं पाणी गाळून कॅनमध्ये.

दुसऱ्या टबात अर्धा चमचा द्रव साबण, जास्त नको. तिकडचं पाणी जड असतं, म्हणजे चुना-मॅग्नेशियम भरपूर. वडीच्या साबणाला फेस येत नाही, उलट पाण्यावर राखाडी साय धरते, आणि फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण ओततो. फेसाच्या मागे लागू नका. द्रव डिटर्जंटला जड पाण्याचा त्रास कमी होतो. रिठ्याचं पाणीही चांगलं, फेस बेताचा आणि विसळायला पाणी कमी. तिसऱ्या टबात विसळणं. पोटाची खात्री हवी असेल तर त्यात ४-५ टक्क्यांचं ब्लीच लिटरला एक मिली. तीन लिटरला तीन मिली, औषधाच्या झाकणानं मोजून. ब्लीच आणि विनेगर मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. विनेगरची स्प्रे बाटली कॅनमध्ये रिकामी करायची नाही ती याचसाठी. तिसऱ्या टबातलं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या टबात कढवून वापरलं तर रोजचे तीन लिटर वाचतात.

गाळणं दुहेरी मलमलीचं, टबाच्या तोंडावर कपडे वाळवायच्या चिमट्यांनी बसवलेलं, मधे थोडी झोळी सोडून. एकदम ओतलं की बाजूनं सांडतं, मग्गा-मग्गा घाला. जे वर राहील ते कापडासकट उन्हात टांगा. तिथली हवा इतकी कोरडी की दुपारच्या वाऱ्यात ते दोनएक तासांत कुरकुरीत होतं, झटकून पिशवीत पडतं आणि वास उरत नाही. वाळवंटाचा एवढा एक फायदा आहे, तो घ्या.

पत्रावळींचं विचाराल तर एखाद्या जेवणाला ठीक. पाणी वाचतं, पण कचरा वाढतो आणि तोही परतच आणायचा असतो. केळीची पानं दोन दिवसांत करपतात.

ताडपत्री

तीन मीटर बाय तीन मीटरची, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) वरची, काळी असेल तर उत्तम. पावसाळ्यात लाकडांवर घातलेली जुनी निळी ताडपत्री घेऊन निघू नका. घड्यांवर तिचा पातळ थर तडकलेला असतो आणि पाणी विणीतून पाझरतं. निघायच्या आधी अंगणात रात्रभर पाणी भरून बघा, खाली कागद घालून.

जागा वाऱ्याची निवडा, पण तंबूच्या आणि चुलीच्या वाऱ्याच्या दिशेला नको. जमीन हातानं चाचपून काटे वेचा. कच्छमध्ये तर गांडो बावळ, म्हणजे विलायती बाभूळ, सगळीकडे आहे आणि तिचा काटा टायरमध्येही घुसतो. म्हणून खाली जुनी घोंगडी किंवा पुठ्ठे. कडांसाठी खड्डा खणायची गरज नाही. तांदळाच्या रिकाम्या पिशव्या वाळूनं अर्ध्या भरून दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन मांडा, ताडपत्री त्यांच्यावरून घेऊन बाहेर दाबा. कड दहा सेंटिमीटर पुरे. आत पाणी कधीच दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही.

मग लेव्हल. गवंड्याकडे असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी न्या, चार-पाच मीटरची. दोन मीटरला दोन सेंटिमीटर उतार राहिला तरी पाणी एका बाजूला गोळा होतं, अर्धी ताडपत्री कोरडी पडते आणि बाष्पीभवनही अर्ध्यावर येतं. तळी चालत नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्यांची बहुतेक गोची इथेच असते.

वर मच्छरदाणीचं कापड किंवा मासळीचं जुनं जाळं ताणून बांधा. बकऱ्या, उंट, कुत्री, पक्षी सगळ्यांना ते पाणीच दिसतं, आणि साबणाचं पाणी कुठल्याही जनावराच्या पोटात जायला नको. सूर्य मावळला की पूर्ण झाका, सकाळी दव सुकल्यावर उघडा. डासांची फारशी काळजी नको. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि थंडीत आणखी जास्त. पण तळ आठवड्याच्या वर असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी ताडपत्री पूर्ण रिकामी करून कोरडी व्हायलाच हवी.

वेग वाढवायचा असेल तर गोणपाट. ताडपत्रीच्या वर दोरी ताणून त्यावर रिकामी गोणी टांगा. तिचं टोक पाण्यात बुडवून ठेवलं की पाणी आपोआप वर चढेल असं वाटतं, पण ते वीतभरच चढतं, वरचा भाग कोरडाच राहतो. त्यापेक्षा आख्खी गोणी पाण्यात बुडवून, थोडी निथळून टांगा. एका वेळी साधारण लिटरभर पाणी धरते. दुपारी वारा असताना दोन बुडवण्या होतात. तिसऱ्या दिवसापर्यंत गोणी साबणानं कडक होते. परत येताना तीही पिशवीत.

ढग आले तर सावध. पौष-माघात तिकडे मावठ येते, पाऊस बेताचा असतो. पण १० मिलिमीटर पाऊस चार चौरस मीटरवर पडला तर ४० लिटर भर पडते आणि ते सगळं सांडपाणीच होऊन बसतं. आभाळ भरून आलं की ताडपत्रीचं पाणी आधी कॅनमध्ये, मग चहा. २०२३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला ब्लॅक रॉकमध्येच पाऊस होऊन जमिनीचा चिखल झाला होता आणि हजारो लोक अडकून पडले होते. वाळवंटात पाऊस पडत नाही, यावर कुणी विसंबू नये.

हात धुवायला तोटीचा पाच लिटरचा कॅन, खाली टब. तोटी कमी उघडली तर एका वेळी दीडशे मिलीत हात स्वच्छ होतात. पाणी वाचवायला हात धुणं टाळू नका. सॅनिटायझर तेलकट, मातकट हातावर नीट काम करत नाही. दातांना पेस्ट वाटाण्याएवढी, चूळ टबात. अंघोळ म्हणजे लिटरभर कोमट पाणी, दोन पंचे, आणि उभं राहायला लहान मुलांचा टब. साबण लावायचाच तर काखा आणि पाय. चार दिवस केस नाही धुतले तर काही होत नाही. मासिक पाळीच्या कपाचं किंवा कापडाचं धुवण ताडपत्रीवर घालू नका. ते शौचाच्या व्यवस्थेबरोबर जायला हवं.

उचलताना

शेवटच्या सकाळी ताडपत्रीवर तपकिरी, बुळबुळीत पाणी उरतं. मग्ग्यानं निघेल तेवढं तिसऱ्या कॅनमध्ये, गाळून. मग्ग्याला लागत नाही ते शेवटचे दोन-तीन लिटर कोकोपीटवर टिपून घ्या. नर्सरीत मिळणारी ६५० ग्रॅमची दाबलेली वीट फोडून पसरली की तीन लिटर सहज पिते. वाळू वापरू नका, ओली साबणाची वाळू कुणी परत आणत नाही. तो ओला भुसा जाड पिशवीत भरून आणा आणि घरी माडाला घाला. माडाला थोडा खारटपणा चालतो, गुलाबाच्या कुंडीत मात्र नको. ताडपत्री आतल्या बाजूला दुमडत गुंडाळा, पोत्यातली वाळू होती तिथेच सोडून द्या.

कॅनचा खरा त्रास चोवीस तासांनी सुरू होतो. उष्टं पाणी बंद कॅनमध्ये हवेविना कुजतं, हायड्रोजन सल्फाइड निघतो, म्हणजे तोच कुजक्या अंड्याचा वास, आणि उन्हात कॅन फुगतो. म्हणून वर दोन लिटरची जागा मोकळी. कॅन गाडीच्या सावलीत उत्तरेच्या बाजूला ठेवा आणि रोज सकाळी झाकण सैल करून वायू जाऊ द्या. गाडी हलायच्या आधी झाकण घट्ट, रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बोटानं बघून. वॉशर सरकलेला असेल तर तीस किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यात गालिचा भिजतो आणि तो वास गाडीतून महिनाभर जात नाही. तीन भरलेले कॅन म्हणजे पंचावन्न-साठ किलो. ते टपावर चढवायचे नाहीत. मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्यानं आवळून ठेवा.

हे पाणी गोव्यापर्यंत आणायची गरज नाही. भुजला किंवा जैसलमेरला रात्रीचा मुक्काम असतोच. लॉजवाल्याला सांगून, परवानगी घेऊन, कमोडमध्ये पाच-पाच लिटर करून ओता आणि मधे मधे फ्लश करा. बेसिनमध्ये ओतलं तर राहिलेला गाळ खालच्या वाकड्या नळीत बसतो. पावसाच्या गटारात, धाब्यामागच्या उघड्या नालीत किंवा रस्त्याकडेच्या खड्ड्यात नको, ते फिरून कुणाच्या तरी शेतातच जातं. पेट्रोल पंपाच्या संडासात ओतणार असाल तर आधी विचारा आणि सफाईवाल्याच्या हातावर पैसे ठेवा.

रिकामे कॅन तिथेच दोन मग्गे पाण्यानं खळबळून घ्या. घरी आल्यावर प्रत्येकात दोन लिटर गरम पाणी, दोन चमचे खाण्याचा सोडा, मूठभर जाडं मीठ घालून जोरात हलवा. मीठ आतला चिकट थर खरवडतं. झाकण काढून उलटे वाळवा, बंद करून ठेवले की आत बुरशी धरते. वॉशर दर हंगामाला नवा घाला, दहा-वीस रुपयांची वस्तू.